सुरक्षिततेची कपात बाईच्याच मजुरीतून का?

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या रुग्णालयात ड्युटीवर असलेल्या डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला. त्याच महिन्यात बदलापूरच्या शाळेतल्या चिमुरड्या मुलींवरच्या अत्याचाराची बातमी आली आणि राज्य पेटून उठलं. सोलापुरातही निदर्शनं झाली, घोषणा झाल्या, मेणबत्त्या लागल्या. लोकांचा संताप खरा होता, त्यात मला शंका नाही. पण त्याच दिवसांत घराघरांत जे निर्णय झाले त्यांची बातमी कुठंच छापून आली नाही. कुणाची संध्याकाळची शिकवणी बंद झाली. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या शिलाई कारखान्यात जाणाऱ्या सुनेला "दिवाळीपर्यंत राहू दे" म्हणून घरी बसवलं गेलं. कुणाच्या लग्नाची बोलणी अलीकडं ओढली गेली. हे निर्णय घेणारी माणसं वाईट नव्हती. त्यातले काही जण निदर्शनातही होते.

माझं म्हणणं असं आहे की लैंगिक अत्याचाराला आपण जे जे उत्तर देतो, त्याचा खर्च जवळजवळ दर वेळी बाईच्या कामातून वसूल होतो. सरकार नवा कायदा आणतं, पोलिस पथकं नेमतात, पुढारी फाशी मागतात. यातलं काही होवो न होवो, बाईची कामाची वेळ आखडते, कामाला जायचं अंतर आखडतं आणि त्यामागोमाग मजुरी आखडते. मजुरीतली विषमता आणि लैंगिक हिंसा हे दोन वेगळे विषय धरून आपण दोन वेगळ्या सभा घेतो. सोलापुरात तरी हा एकच विषय आहे, आणि तो विडीच्या धंद्यात जितका उघड दिसतो तितका दुसरीकडं कुठं दिसत नाही.

जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी यांचे भोंगे एकेक करून बंद पडले, तेव्हा गिरणी कामगारांचं काय झालं यावर पुष्कळ लिहिलं गेलं. त्या घरांत चूल कुणाच्या पैशावर पेटत राहिली यावर त्या मानानं कमी. पूर्वभागात, अशोक चौकापासून नीलमनगरपर्यंत, दत्तनगरात, साखर पेठेत, आणि नंतर कुंभारीच्या विडी घरकुलात हजारो बायकांच्या बोटांवर ही घरं चालली. तेलुगू बोलणाऱ्या, कन्नड बोलणाऱ्या, उर्दू बोलणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या अशा सगळ्या. शहराची ओळख सांगताना आपण चादर सांगतो, टॉवेल सांगतो, शेंगा चटणी सांगतो. विडी सांगताना मात्र जरा आवाज खाली येतो, जणू ती चूक या बायकांची आहे.

काम कसं चालतं ते जवळून बघितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. विडी कारखानदाराच्या शाखेतून, म्हणजे ब्रँचमधून, तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा मिळतो. पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, म्हणजे ती चिरत नाहीत. मग पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीनं एकसारखे तुकडे कापायचे. देठ आणि जाड शिरा चुकवायच्या, आणि तेवढ्याच पानांत ठरलेला आकडा बसवायचा, कारण पानं कमी पडली तर पदरची घालावी लागतात. हे कापणं बऱ्याच घरांत शाळेतून आलेली मुलगी करते. आई भिंतीला टेकून मांडीवर सूप घेते. पानाचा तुकडा डाव्या हातात, चिमूटभर तंबाखू त्यात पसरायचा, दोन्ही हातांच्या बोटांनी वळायचं, टोक दुमडायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे. एका विडीला काही सेकंद. हजार विड्या पूर्ण व्हायला सकाळपासून रात्र होते, मध्ये स्वयंपाक, पाणी, पोरं, सासू सगळं करून. मग कट्टे बांधून ब्रँचला जायचं, रांगेत उभं राहायचं.

रांगेच्या टोकाला जो माणूस बसलेला असतो त्याच्या हातात या सगळ्या दिवसाचा निकाल असतो. तो कट्टे सोडून बघतो, बोटानं दाबून बघतो आणि नापसंत विड्या बाजूला काढतो. ती छाट. छाट किती निघणार हे विडीवर ठरावं, पण ते माणसावरही ठरतं. कुणाशी हसून बोललं, कुणी उलटून बोललं, कुणी नुसतीच मान खाली घालून उभी राहिली, याचा छाटीशी संबंध आहे हे त्या रांगेतल्या प्रत्येक बाईला माहीत असतं. हात लावण्याइतकं पुढं न जाताही एखाद्याला बाईचा दिवस नासवता येतो, आणि तिनं काही बोलायचं म्हटलं तर पुरावा काय, तर नापसंत ठरलेल्या विड्या. तरुण मुलींना ब्रँचला पाठवायचं नाही, आईनं किंवा आजीनंच जायचं, हा अनेक घरांतला अलिखित नियम इथून आलेला आहे. म्हणजे छळाचा बंदोबस्त झाला, तो घरच्या म्हातारीच्या पायांवर. ज्याच्या हातात छाट आहे त्याचं काहीच बिघडलं नाही.

मग विचारायला हवं की विडी इतक्या स्वस्तात कशी वळून मिळते. कौशल्य लागतं, वेग लागतो, पाठ आणि फुप्फुसं दोन्ही खर्ची पडतात. तरी मजुरी कमी राहते, त्याचं मोठं कारण हे की ही बाई दुसरीकडं जाणार नाही याची सगळ्यांना खात्री आहे. घरात बसून करायचं काम आहे, परपुरुषाशी संबंध नाही, अब्रूला धक्का नाही. बाहेरची भीती जितकी जास्त, तितकी घरबसल्या कामाला हात जास्त आणि भाव कमी. बाहेर एखादा अत्याचार झाला की घरबसल्या कामाच्या मजुरीवर त्याचा दाब येतो. हे कुणी कट करून करत नाही, पण त्याचा फायदा मिळणारा ठरलेला आहे आणि तोटा सोसणारीही ठरलेली आहे.

शिवाय ज्या घराला आपण सुरक्षित म्हणतो ते तरी तसं आहे का? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदले गेले. त्यांतल्या ९५ टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा होता. नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक, लग्नाचं वचन दिलेला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या विवाहित बायकांपैकी सुमारे एक चतुर्थांश बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. बाहेरच्या अनोळखी नराधमापासून वाचवायला म्हणून आपण तिला जिथं नेऊन ठेवतो, तिथं धोका कमी नाही. फक्त तिथं तिच्या हातातला पैसा कमी आहे आणि बाहेर पडायचा रस्ता बंद आहे. कमावणारी बाई मार खात नाही असं मी म्हणत नाही. पण स्वतःच्या नावावर पैसे असणाऱ्या बाईला निदान रिक्षाचं भाडं भरून माहेरी किंवा पोलिस ठाण्यात जाता येतं.

आमच्या भागातली एक मुलगी शिलाई मशीन चालवण्यात तरबेज होती. सोलापुरात गणवेशाचा धंदा वाढतोय, तिला एका कारखान्यात काम लागलं. कॉलर लावणं हे तिथलं अवघड काम, ते ती करायची. सिझनला रात्री उशीर व्हायचा. सुपरवायझर घरी सोडतो म्हणू लागला, मग फोन करू लागला, मग मशीनजवळ उभा राहून खांद्यावर हात ठेवू लागला. तिनं घरी सांगितलं. घरात कुणी तिला दोष दिला नाही, ही मोठी गोष्ट. पण ठरलं काय? "कशाला जायलीस तिकडं? घरात बसून विड्या वळ की." दुसऱ्या दिवसापासून ती आईशेजारी सूप घेऊन बसली. सुपरवायझर कामावर राहिला. तिच्या जागी दुसरी मुलगी आली आणि तिला कुणी काही सांगितलं नाही. तक्रार झालीच नाही, त्यामुळं कुठल्याही आकडेवारीत हे प्रकरण नाही. हिशेबात आला तो एवढाच फरक की एक कुशल शिलाई कामगार कमी झाली आणि विडी वळणारी एक वाढली.

यापेक्षा कडेलोटाचं उत्तर म्हणजे लग्न. त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार सोलापूर जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे ४० टक्के बायकांचं लग्न १८ पूर्ण होण्याआधी झालेलं होतं. राज्याच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट. या आकड्यामागं गरिबी आहे, हुंडा आहे, ऊसतोडीला आई-बाप गेल्यावर मुलीला कुठं ठेवायचं हा प्रश्न आहे. पण आई-बापांना बसवून विचारलं तर बहुतेक वेळा पहिलं उत्तर येतं ते जबाबदारीचं. "दिवस बरे नाहीत, उजवून टाकलं म्हणजे सुटलो." मंगळवेढा, सांगोला, अक्कलकोट, कुठंही जा, गावातली शाळा सातवी-दहावीला संपते, पुढं एसटीनं जायचं, एसटीच्या थांब्यावर टवाळ पोरं उभी. त्या पोरांना हटकायला गावात कुणी पुढं येत नाही. मुलीची शाळा मात्र सुटते. सतराव्या वर्षी संसाराला लागलेली ही मुलगी पुढं चाळीस वर्षं जे काम करते ते कमी मजुरीचंच असणार, कारण तिच्याकडं ना शिक्षण उरतं ना फिरण्याची मोकळीक. अत्याचाराच्या भीतीची किंमत ती जन्मभर हप्त्यानं फेडते.

यंत्रमागाकडं बघा. मागावर उभा राहणारा बहुतेक पुरुष. कांड्या भरणं, टॉवेलच्या कडा शिवणं, घड्या घालून पॅकिंग करणं ही बायकांची कामं. माग चालवायला काही मनगटात वेगळी ताकद लागत नाही. माग रात्रपाळीतही चालतो, आणि रात्रपाळीत बाई चालत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यानं संध्याकाळी सातनंतर बायकांना कारखान्यात कामाला ठेवायलाच बंदी होती. हेतू चांगला होता. महाराष्ट्रानं २०१५ च्या दुरुस्तीनं ही बंदी सैल केली. संमती, वाहन, सुरक्षा अशा अटी घालून रात्री काम करायची मुभा दिली. कागदावर दार उघडलं. पण गाडी, रखवालदार, वेगळी खोली हा सगळा खर्च बाई ठेवली तरच येणार असेल, तर छोटा कारखानदार साधा हिशेब करतो आणि पुरुष ठेवतो. बाळंतपणाच्या रजेचंही तेच. २०१७ साली ती २६ आठवड्यांची झाली हे योग्यच, पण तिचा सगळा भार एकट्या मालकावर टाकल्यामुळं लग्नाच्या वयाची मुलगी कामावर घ्यायला तो कचरतो. बायकांच्या सुरक्षिततेचा खर्च बायकांच्या डोक्यांवर मोजला की बाई महाग होते. म्हणून अशी व्यवस्था एका कारखान्यानं आपल्यापुरती करण्यात अर्थ नाही. औद्योगिक वसाहतीतल्या सगळ्या मालकांनी, कामगार स्त्री असो की पुरुष, माणशी सारखा वाटा घालून पाळी सुटण्याच्या वेळेला बस चालवावी. मग बाई ठेवली म्हणून कुणाचा खर्च वाढणार नाही. सोलापुरात शहर बससेवेची जी अवस्था आहे ती बघता सीट रिक्षाशिवाय बायकांना पर्याय नाही. मालकानं दिलेल्या वाहनात छळ झाला तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा लागू होतो. चौघींना दाटीवाटीनं बसवून नेणाऱ्या सीट रिक्षाला तो लागू नाही.

कोलकात्याच्या घटनेनंतर पश्चिम बंगाल सरकारनं काय केलं हे आठवावं. जमेल तिथं स्त्रियांना रात्रपाळी देऊ नये अशी सूचना काढली. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर हरकत घेतली. सुरक्षा देणं हे सरकारचं काम आहे, बायकांना रात्री काम करू नका असं सांगता येणार नाही, असं सरन्यायाधीशांनी सुनावलं. डॉक्टरांच्या बाबतीत निदान सर्वोच्च न्यायालय बोललं. पॅकिंग करणाऱ्या बाईला "सहाच्या आत घरी जा, तुझे ओव्हरटाइमचे पैसे राहू देत" असं सांगितलं जातं तेव्हा कुणी न्यायालयात जात नाही.

एक गोष्ट आपण विसरतो आणि तिचा मला राग येतो. या देशात लैंगिक हिंसेविषयीचे कायदे बदलले ते कष्टकरी बायकांनी सोसलेल्या अन्यायातून. १९७२ साली देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात जिच्यावर अत्याचार झाला ती मथुरा आदिवासी मजूर मुलगी होती. सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडून दिलं, त्यावर १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन झालं आणि १९८३ साली कायदा बदलला. १९९२ साली राजस्थानात भंवरी देवीवर सामूहिक बलात्कार झाला. ती सरकारच्याच कार्यक्रमात साथिन, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती, म्हणून काम करत होती आणि बालविवाह रोखायला गेली होती. तिचे आरोपी १९९५ साली बलात्काराच्या आरोपातून सुटले. तिच्यामुळं १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला आणि त्यातून २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. आज तो कायदा कुणापर्यंत पोचला? काचेच्या ऑफिसांपर्यंत, बँकांपर्यंत, विद्यापीठांपर्यंत. भिंतीवर फलक लागतात, वर्षातून एकदा प्रशिक्षण होतं. शेतात, ब्रँचवर, यंत्रमागाच्या शेडमध्ये, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाईला, म्हणजे भंवरी देवीसारख्याच बाईला, तो कायदा आहे हेच ठाऊक नाही.

कायद्यात तिची सोय केलेली आहे, हे विशेष. दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं. प्रत्येक तालुक्यात आणि शहरी भागात तक्रार घेणारा समन्वय अधिकारी असला पाहिजे, त्यानं सात दिवसांत ती समितीकडं पाठवली पाहिजे. कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत घरसुद्धा आहे. सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा तारखा घालून द्याव्या लागल्या, की जिल्हा अधिकारी नेमा, समित्या नेमा. कायदा येऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. सोलापुरात दहा बायकांना विचारून बघा, विडी घरकुलात विचारा, मार्केट यार्डात कांदा निवडणाऱ्यांना विचारा, होटगी रोडच्या बंगल्यांत धुणंभांडी करणाऱ्यांना विचारा, की स्थानिक समिती कुठं बसते. मला आजवर एकीनंही उत्तर दिलेलं नाही.

समिती सापडली असं धरू. तक्रार तीन महिन्यांत करायची, चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायची. या काळात तक्रार करणाऱ्या बाईला तीन महिन्यांपर्यंत रजा देण्याची शिफारस समिती करू शकते. महिन्याच्या पगारावर असलेल्या बाईला ही रजा म्हणजे खराच आधार आहे. हजार विड्यांमागं ठरलेल्या मजुरीवर विड्या वळणाऱ्या बाईला रजा म्हणजे काय? ती ज्या दिवशी सुनावणीला येते त्या दिवशी तिच्या विड्या होत नाहीत, आणि विड्या झाल्या नाहीत तर पैसे नाहीत. पोलिस ठाण्यात दोन चकरा, सिव्हिल हॉस्पिटलात एक, वकिलाकडं एक, कोर्टात तारीख पडेल तितक्या. न्याय मागायला गेलेल्या बाईचा प्रत्येक दिवस बिनपगारी असतो, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो बहुधा पगारी माणूस असतो. मनोधैर्य योजनेसारखी मदत २०१३ पासून आहे, पण ती बलात्कार, बालकांवरचे अत्याचार, ॲसिड हल्ला अशा गंभीर गुन्ह्यांसाठी. छाटीची धमकी देणाऱ्या माणसाविरुद्ध उभ्या राहणाऱ्या बाईचा बुडालेला रोज कुठल्याच योजनेत बसत नाही. आणि खरा धाक तर पुढंच आहे. तक्रार केल्यावर ब्रँचनं पान-तंबाखू देणं बंद केलं तर? तिला कामावरून काढल्याचा कागदसुद्धा कुणी देणार नाही. "आज माल नाही" एवढं म्हटलं की झालं.

ऊसतोडीत हे आणखी उघडं आहे. महाराष्ट्रात सर्वांत जास्त साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात. दरवर्षी बीडकडून आणि इतर भागांतून टोळ्या येतात, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते. फडात पालं, ना दार ना दिवा. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण २०१९ साली गाजलं, समिती नेमली गेली. ज्या बाईच्या नावानं मजुरीची नोंदच नाही ती मुकादमाविरुद्ध तक्रार कोण म्हणून करणार?

आता फाशीबद्दल. महाराष्ट्र विधिमंडळानं डिसेंबर २०२१ मध्ये शक्ती विधेयक मंजूर केलं, त्यात मृत्युदंडाची तरतूद होती. राष्ट्रपतींची मंजुरी त्याला मिळाली नाही. दर मोठ्या घटनेनंतर हीच मागणी पुन्हा उठते. मला ती मागणी करणाऱ्यांचा संताप कळतो, पण ती मागणी बाईच्या रोजच्या आयुष्याला स्पर्श करत नाही. सुपरवायझरचा खांद्यावरचा हात, रिक्षातला धक्का, छाटीची धमकी, फोनवरचे मेसेज यांना फाशी होणार नाही आणि होऊही नये. पण बाईला कामावरून घरी बसवतात ते हेच प्रकार. बलात्काराची बातमी भीती पेरते, आणि रोजच्या या छळाला तोंड न देता माघार घ्यायला ती भीती भाग पाडते. फाशी मागणं सोपं आहे, कारण त्यात आपल्यापैकी कुणाला काही द्यावं लागत नाही. पाळीच्या बसचा वाटा मात्र मालकाला द्यावा लागेल, आणि संध्याकाळी दोन तास पोरं सांभाळणं नवऱ्याला.

इथं मला नेहमी सांगितलं जातं की बायकांनाच घरबसल्या काम हवं असतं. पोरं बघता येतात, वेळ आपला असतो. खरं आहे, अनेक बायका तसंच म्हणतात, आणि त्यांचा अनुभव खोटा ठरवायचा मला अधिकार नाही. पण ही निवड कुठल्या पर्यायांमधून झाली हे बघावं लागेल. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. जवळजवळ पाच तास ती बिनपगारी राबते, बाहेरचा रस्ता धोक्याचा आहे, पाळणाघर नाही, शेवटची बस गेलेली आहे. एवढं सगळं जागच्या जागी ठेवून तिला विचारायचं, बाई, तुला घरात काम हवं की बाहेर? ती घर म्हणणार. पाळणाघर आणि बस देऊन मग विचारा. तरीही तिनं घर म्हटलं तर तो तिचा निर्णय, आणि मग त्या घरातल्या कामालाही पूर्ण मजुरी द्या. १९६६ च्या विडी कामगार कायद्यानं घरी विड्या वळणारी बाईसुद्धा कामगार धरली, हे हक्क लढून मिळालेले आहेत.

लढून काय मिळतं हे सोलापूरच्या विडी कामगार बायकांना कुणी शिकवायला नको. नरसय्या आडम मास्तरांच्या नेतृत्वाखाली त्यांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले आणि कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरं दिली गेली. पुढं रे नगरची तीस हजार घरांची योजना आली, त्यातली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी हस्तांतरित केली. दोन वेगळ्या विचारांच्या सरकारांना या बायकांनी आपल्या दारात आणलं. म्हणूनच मला त्यांच्या संघटनांकडून जास्त अपेक्षा आहे. मजुरी, भविष्य निर्वाह निधी, पेन्शन, घरकुल या मागण्या मोर्चात घुमतात. छाटीच्या नावाखाली होणारा छळ, ब्रँचवरची वागणूक, रिक्षातला त्रास या गोष्टी घोषणेत माझ्या कानावर क्वचितच आल्या. त्या बायका-बायकांत, हलक्या आवाजात बोलल्या जातात आणि मोर्चा सुरू झाला की मागं पडतात. त्या मजुरीच्याच मागण्या आहेत, कारण त्यांचे पैसे होतात. घरी बसलेल्या त्या शिलाई कामगार मुलीचे किती पैसे बुडाले याचा हिशेब कुठल्याही युनियनला मांडता येईल.

करायचं काय हे फार मोठं नाही. प्रत्येक ब्रँचवर, आणि बाईच्या हिशेबाच्या पुस्तिकेवर, स्थानिक समितीचा पत्ता आणि फोन नंबर मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत छापावा. छाट बाईच्या डोळ्यांदेखत निघावी, रोजचा आकडा पुस्तिकेत लिहिला जावा आणि नापसंतीवर दाद मागायला तिथं संघटनेची एक बाई असावी. एकाच बाईची छाट अचानक वाढली तर त्या पानावरून ते उघड दिसेल, तोच तिचा पुरावा होईल. तक्रार केलेल्या बाईला चौकशी संपेपर्यंत तिच्या मागच्या सरासरीइतकी मजुरी मिळावी, माल बंद केला तरी मिळावी. हे पैसे आधी कारखानदारानं द्यावेत, तक्रार सिद्ध झाली तर दोषी माणसाच्या पगारातून वळते करून घ्यावेत. यासाठी कायद्यातल्या रजेच्या तरतुदीत नगावर काम करणाऱ्या बायकांसाठी सरासरी मजुरीची स्पष्ट तरतूद हवी, आणि ती मागणी सोलापूरच्या आमदार-खासदारांनी मांडायला हवी, कारण नगावर जगणाऱ्या इतक्या बायका ज्यांच्या मतदारसंघात आहेत असे लोकप्रतिनिधी राज्यात फार नाहीत.

आणि समितीनं सुनावणी सकाळी अकराला सरकारी कार्यालयात ठेवू नये. त्या वेळी बाईच्या मांडीवर सूप असतं. कुंभारीच्या घरकुलात, ब्रँचला माल देऊन बायका परतल्यावर, संध्याकाळी समितीनं महिन्यातून एकदा बसावं. तिथपर्यंत जायला समितीच्या सदस्यांना सरकारी गाडी मिळू शकते.